मशीन दोन तऱ्हांनी मरतंय

सोमवार, रात्री

टेबलावर घरी जुळवलेलं मशीन. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (खोक्यावर वेगाचा आकडा ३६००), आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). तक्रार दोन शब्दांची: 'बंद पडतं'. त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून आधी वही. रकाने चार: वेळ, काय चालू होतं, कसं बंद पडलं, त्यानंतर काय बदललं. तिसरा रकाना रुंद आखला. निळी स्क्रीन आली, तर विंडोजने स्वतः हात टेकले आणि जाता जाता चिठ्ठी ठेवली. चित्र गोठलं नि आवाज एकाच सुरावर घुमत राहिला, तर ते हँग होणं. आणि झटक्यात काळोख झाला, तर विंडोजला काही कळलेलंच नसतं.

दोन सेटिंग आजच बदलली. विंडोजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'तली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढली, म्हणजे निळी स्क्रीन वाचण्याइतकी टिकेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली. आता अचानक काळोख होऊन मशीन बंदच राहिलं आणि बटणाने निमूट सुरू झालं, तर संशय भिंतीकडच्या विजेवर. बटण दाबून काही होईना आणि एसएमपीएसचा मागचा खटका काही सेकंद पाडून ठेवल्यावरच जीव आला, तर एसएमपीएसने स्वसंरक्षणासाठी दार लावून घेतलं होतं. हा पक्का पुरावा नव्हे, पण दिशा मिळते.

मंगळवार

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक नवा एसएमपीएस आणायला निघतात. नावात पॉवर आहे, एवढाच त्या बिचाऱ्याचा दोष. ही नोंद फक्त सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती 'डिटेल्स'मधल्या 'बगचेककोड'मध्ये असते. तो ० असेल तर विंडोजला मरणाचं कारण नोंदवायला सवडच मिळाली नाही. दुसरा आकडा असेल तर तो दशमान पद्धतीतला असतो. निळ्या स्क्रीनवरच्या कोडशी ताडून पाहण्याआधी षोडशमानात (१६च्या पटीत मोजण्याच्या पद्धतीत) बदलावा लागतो. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट.

सहा नोंदींपैकी तीन शून्याच्या. उरलेल्या २६, १० आणि ८०. दर वेळी निराळा कोड, त्यातून एकच ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) सारखा पुढे येत नाही, अशा वेळी बोट रॅमकडे जातं. पण शून्यवाल्या तीन नोंदी त्यात बसत नाहीत. त्या तिन्ही गेम चालू असतानाच्या, तर निळ्या स्क्रीन ब्राउझर आणि फायली कॉपी करतानाच्या. इथेच बहुतेक शोध फसतात. दोष दोन असतात, माणूस एकच गृहीत धरतो. मग पहिला सुटूनही मशीन बंद पडलं की योग्य दुरुस्तीच चुकीची ठरवून मोकळा होतो.

बुधवार ते गुरुवार सकाळ

रॅम. ५६०० या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर४ ३२०० आहे. खोक्यावरचे ३६०० बायोसमध्ये एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेलं जास्त वेगाचं सेटिंग) चालू केल्यावर मिळतात, १.३५ व्होल्टवर, आणि ते ओव्हरक्लॉकिंगच असतं, म्हणजे मर्यादेबाहेर पळवणं. बऱ्याच मशीनवर बिनबोभाट चालतं, पण प्रत्येकावर चालेलच याची हमी नाही.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राईव्हवर टाकून पेनड्राईव्हवरून बूट केलं. चार फेऱ्या, ३२ जीबीला काही तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवायचं. विंडोजमधली आयती मेमरी चाचणी पास झाली तरी समाधान मानू नये, ती फार वरवरची आहे. आणि 'एकच तर एरर आहे' हे म्हणणं इथे चालत नाही. एक एरर म्हणजे नापास.

दोन्ही रॅम ३६०० वर: तिसऱ्या फेरीत लाल ओळी. एक्सएमपी बंद करून: चार फेऱ्या स्वच्छ. मग एकेक रॅम एकाच खाचेत, प्रोसेसरपासून दुसऱ्या (ए२), ३६०० वर: दोन्ही स्वच्छ. म्हणजे रॅमच्या कांड्या शाबूत, खाचही शाबूत. जोडीने त्या वेगाला पळणं या मशीनला झेपत नाही. दोन्ही ३२०० वर ठेवल्या, पुन्हा चार फेऱ्या, स्वच्छ. एखादी कांडी कुठल्याही खाचेत नापास झाली असती तर ती खराब. एकाच खाचेत कुठलीही कांडी नापास झाली असती तर बोर्ड किंवा प्रोसेसरच्या वाकलेल्या पिना पाहाव्या लागल्या असत्या.

खोडरबराने रॅमच्या पिना घासण्याचा आपल्याकडचा उपाय कधी कधी लागू पडतो, पण त्याचं बरंचसं श्रेय रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याला आहे. रबराचा भुगा खाचेत गेला तर नवं दुखणं. कापडाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसणं बरं.

विंडोजच्या सिस्टिम फायलींची तपासणी मुद्दाम आत्ता केली, रॅम निस्तरल्यावर. डळमळीत रॅमवर फायली दुरुस्त करायला घेतल्या तर चांगलीही फाइल बिघडू शकते.

गुरुवार, रात्री

तापमान. 'एचडब्ल्यूइन्फो' या प्रोग्रॅममध्ये गेम चालू असताना प्रोसेसर ७४ अंश. याची मर्यादा ९०. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, थेट बंद पडणं शेवटचं. इथे वेग जागचा हलला नाही. विषय संपला.

शुक्रवार

निळी स्क्रीन नाही. पण गेममध्ये काळोख पुन्हा झाला, बगचेककोड ०. मशीन बंदच राहिलं, बटणाने लगेच सुरू झालं.

एसएमपीएसच्या मोकळ्या चार-पिनी जोडणीवर मल्टिमीटर लावला: पिवळी आणि काळी यांच्यात गेम चालू असताना १२.०८ व्होल्ट. चालतात ११.४ ते १२.६. मात्र आकडा चांगला आला म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही, कारण ग्राफिक्स कार्डाचे क्षणिक झटके टिपण्याइतका साधा मीटर चपळ नसतो. म्हणून कार्डाची पॉवर लिमिट (वीज खाण्याची कमाल मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली, १७० वॅटचे ११९ झाले. तरी दोन तासांत काळोख. भार घटवूनही फरक पडला नाही, म्हणजे संशय एसएमपीएसवरून सरकून आणखी मागे.

शनिवार

पॉवर केबल स्पाईक गार्डमधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. पॉवर लिमिट परत १०० टक्के. एका वेळी एकच बदल हा नियम इथे मोडला, पण लिमिटने काही फरक पडत नाही हे काल दिसलं होतं. सलग पाच तास गेम, काही नाही.

एसएमपीएस पूर्ण भारावर वीज तुटल्यापासून जेमतेम १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. ढिल्या सॉकेटमध्ये संपर्क त्याहून जास्त वेळ सुटला की मशीन गेलंच. पंखा, दिवा, मोबाईलचा चार्जर यांना एवढं कळतही नाही, म्हणून 'लाईट तर होती' हे म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नसतं. गेम चालू असताना प्रवाह वाढतो, ढिला सांधा तापतो, म्हणून नेमकं तेव्हाच.

इन्व्हर्टरवर मशीन असेल तर मागचा खटका 'यूपीएस'वर आहे की 'नॉर्मल'वर तेही पाहावं. नॉर्मलवर बदलीला जास्त वेळ लागतो, आणि लाईट गेल्यावर घरातलं एवढं एकच यंत्र बंद पडतं.

रविवार

दुपारी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ १.२. ठीक. स्पाईक गार्ड उघडला. मशीनची पिन होती त्या भोकातली पितळी पट्टी फाकलेली, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी. पिनेच्या एका पायावर काळा डाग होता, म्हणून केबलही बदलली. रॅम ३२०० वरच.