गुलाबी फ्रॉक

दुपारी स्कॅनर मांडून बसले तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. दोनेकशे फोटो, मिनिटाला एक, म्हणजे रात्रीच्या आत काम फत्ते. चार वाजता मोजले, तर अकरा झाले होते.

एक तर फोटो अल्बम सोडायला तयार नसतात. काळ्या जाड पानांचे, त्रिकोणी कोपरे चिकटवलेले, मधे झिरझिरीत बटर पेपर घातलेले अल्बम बिचारे सज्जन. फोटो अलगद हातात येतो. वैताग आहे तो नंतर आलेल्या चिकट पानांच्या अल्बमांचा. तेव्हा काय आधुनिक वाटायचे ते! वरचं प्लास्टिक उचललं की चर्रर्र, आणि खाली फोटो असा धरून बसलेला, की ओढला तर फाटणारच. मग दात साफ करायचा दोरा त्याच्या पाठीमागून करवतीसारखा, पण अगदी हळू, फिरवत न्यायचा. इतक्या निगुतीनं मी तो दातांतून कधी फिरवलेला नाही.

मग काच. कितीही पुसा, ६०० डीपीआयच्या बारकाईवर धुळीचा कण नि कण दिसतो. आत्याच्या गालावर एक ठिपका आला. फडक्यानं काच पुसली, फोटोवर फुंकर मारली, पुन्हा स्कॅन केलं, ठिपका तिथंच. तीळ होता. इतकी वर्षं आत्याच्या मांडीवर बसले, पण तो आज पाहिला.

आणि मग तो फोटो आला. मी पाचेक वर्षांची, शेजारी दादा, दोघांचेही डोळे उन्हानं बारीक. अंगात माझा गुलाबी फ्रॉक. हा मला पक्का आठवतो. गळ्याशी एक मोठं बटण होतं, ते मी चोखत असे. गुलाबी हा आपला अगदी लहानपणापासूनचा रंग, असं मी लोकांना सांगत आलेय ते याच फ्रॉकच्या भरवशावर.

त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटांमधला निळसर रंग आधी विरतो. उन्हात ठेवायलाही नको, अल्बममध्ये मिटल्या मिटल्या, अंधारातसुद्धा विरतो. मागे उरते तांबूस झाक. त्याच अल्बममधल्या काळ्या-पांढऱ्या आजोबांना मात्र काही झालेलं नाही. ते रंगात नव्हे, चांदीच्या कणांत उमटलेले आहेत.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही रंगदुरुस्तीचं बटण दाबलं. भिंत पांढरी झाली, मागचं झाड हिरवं झालं आणि फ्रॉक निळा झाला.

मागे घेतलं. गुलाबी. पुन्हा दाबलं. निळा.

आईला हाक मारली. तिनं चष्मा वर सरकवून पाहिलं. "निळाच होता की. दादाच्या शर्टाचं कापड उरलं होतं, त्यातला."

दादाचा शर्ट! तोही या फोटोत इतकी वर्षं गुलाबीच होता, शेजारी, खांद्याला खांदा लावून. मला एकदाही प्रश्न पडला नाही.

बटणाचं विचारावं असं अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं.

"आणि तुला तो कधी आवडायचाच नाही," आई जाता जाता म्हणाली. "घालताना रडायचीस."

दोन्ही फाइली ठेवल्यात. नाव देताना बराच वेळ अडले. शेवटी 'दादा आणि मी' असं टाकलं आणि तेरावा फोटो सोडवायला घेतला.