चाळीस काड्या

शनिवार, रात्री उशिरा

सगळे गेले. टेबलावर पोकरच्या चिप्सचे ढीग तसेच आहेत आणि माझ्यासमोर काडेपेटीतल्या चाळीस काड्या. आजचा प्रयोग माझ्याच डोक्यातून निघालेला, तेव्हा तो लिहून ठेवायचं कामही माझंच.

दुखणं जुनं आहे. आमच्या पोकरच्या स्पर्धेत दहा जण बसतात, पण ब्लाइंड्स, म्हणजे पानं बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या पैजा, वाढू लागले की तासा-दीड तासात चार-पाच जण बाद होतात. मग त्यांनी करायचं काय? फोन चाळायचा, जांभया द्यायच्या, ‘अजून किती वेळ’ विचारायचं. मागच्या वेळी एक जण न सांगताच निघून गेला. तेव्हा म्हटलं, या बघ्यांना उरलेल्यांवर पैज लावू द्यावी. पैशांची नको, काड्यांची.

पद्धत मी घोड्यांच्या शर्यतीतून उचलली. जिंकणाऱ्याला एकास किती मिळणार हा भाव आधी ठरवून द्यायचा तर कुणीतरी बुकी व्हायला हवं, आणि अंदाज चुकला तर भुर्दंडही त्यानेच सोसायचा. त्यापेक्षा जोसेफ ओलेरने 1867 च्या सुमारास पॅरिसमध्ये काढलेली युक्ती बरी: सगळ्या पैजा एका गल्ल्यात टाकायच्या आणि जिंकणाऱ्यावर ज्यांनी लावलं त्यांच्यात गल्ला वाटून द्यायचा. रेसकोर्सवरचा ‘टोट’ तो हाच. भाव कुणी ठरवत नाही, लोकांच्या पैजांतूनच तो निघतो. रेसकोर्सवाले गल्ल्यातून आपला वाटा काढतात, मी काढला नाही. काड्यांतून काय वाटा काढणार!

चौघे उरले तेव्हा पैजा उघडल्या. बाद झालेले सहा आणि नुसतेच बघायला आलेले दोघे, प्रत्येकी पाच काड्या. मी फळ्यावर आकडे मांडले. सर्वात जास्त चिप्स असलेल्या ताईंवर सव्वीस, अबोल काकांवर सात, दाढीवाल्यावर पाच, आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्या पोरावर दोन. म्हणजे ताई जिंकल्या तर एका काडीला जेमतेम दीड आणि पोरगा जिंकला तर वीस. खोलीत एकदम जीव आला. जांभया बंद, खुर्च्या टेबलाजवळ. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, हे कबूल करतो.

ते सुख अर्धा तास टिकलं.

पोरगा ऑल-इन गेला, म्हणजे होत्या तेवढ्या चिप्स त्याने पणाला लावल्या. त्याच्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती, हे नंतर कळलं. ताईंकडे एक्का-राजा. असा सामना जवळजवळ बरोबरीचा, जोडीचं पारडं किंचित जड. पोराच्या चिप्स थोड्या, त्यामुळे हरल्या असत्या तरी ताईंचं फार बिघडत नव्हतं. एरवी त्यांनी डोळे मिटून चिप्स पुढे ढकलल्या असत्या. आज त्या विचार करत बसल्या. तेवढ्यात काकांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या एका बघ्याने ‘च्च’ केलं. काकांनी नुकतीच टाकलेली पानं त्याने पाहिली होती आणि त्यात एक एक्का होता. स्ट्रेट (सलग पाच पानं) किंवा फ्लशची (एकाच रंगाची पाच) लांबची आशा सोडली, तर पुढे उघडून ताईंना तारतील अशी पानं सहा: तीन एक्के, तीन राजे. त्यातलं एक गेलेलं, हे खोलीत दोघांनाच ठाऊक, काकांना आणि या च्चवाल्याला. त्याच्या पाचही काड्या ताईंवर. मुद्दाम केलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. पण जीभ कुणाच्या बाजूची होती ते स्पष्ट होतं.

ताईंनी पानं टाकली, डाव सोडला.

हा धोका माझ्या लक्षात यायला हवा होता. बाद झालेला माणूस हा साधा प्रेक्षक नसतो. तो टेबलाभोवती फिरतो, दोघा-तिघांची पानं बघतो. नुसता कंटाळलेला असतो तोवर त्याला जे दिसतं त्याने काही बिघडत नाही. काड्या लावल्या की तेच सगळं माहिती होऊन बसतं. टीव्हीवर पोकर दाखवतात तेव्हा खेळाडूंची पानं दिसतात, पण ती घरी बसलेल्यांना. टेबलाजवळ कुणी च्च करायला नसतं.

पण मला जे खरं लागलं ते नंतरचं. शेवटी काका जिंकले. सात काड्यांवर चाळीस वाटायच्या म्हणजे एकीला पावणेसहाच्या आसपास. काड्या मोडाव्या लागतात की काय असं झालं. अखेर चार लावणाऱ्याला तेवीस आणि तीन लावणाऱ्याला सतरा देऊन मिटवलं. चिप्स आवरताना मी ताईंना विचारलं, “पोरासमोरचा तो डाव का सोडलात? च्च ऐकून?”

“छे, ते मी ऐकलंच नाही,” त्या म्हणाल्या. “फळ्यावर माझ्या नावापुढे सव्वीस दिसत होते. म्हटलं, इतक्यांच्या काड्या एका पोरापायी कशाला बुडवू.”

काड्या! ज्या घरी न्यायच्याही नव्हत्या. त्या बाईला वीस वर्षांत कुणी पोकरच्या टेबलावर घाबरताना पाहिलेलं नाही, आणि माझ्या फळ्याने ते करून दाखवलं.

निघताना एकाने सुचवलं, पुढच्या वेळी खेळाडूंचा लिलावच करू, ज्याला कलकत्ता म्हणतात तसा. बोली लावून खेळाडू ‘विकत’ घ्यायचा, तो जिंकला तर गल्ला मालकाचा. मला 1955 चं अमेरिकेतल्या डीपडेल क्लबचं गोल्फ प्रकरण आठवलं. तिथे असाच लिलाव होता आणि जिंकलेल्या जोडीने हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट, खोटे दाखवले होते. आमच्यात कुणी तसं करेल असं नाही, पण मालक असलेला खेळाडू मला नको. आणि खऱ्या पैशांवर गेलो तर पैजा घेणारा मी बुकी ठरतो. घरगुती डावाकडे कानाडोळा करणारे कायदेही अनेक ठिकाणी बुकीकडे तसे बघत नाहीत.

सध्या सुचतंय ते इतकंच: पैजा पहिलं पान वाटण्याआधी, बंद चिठ्ठ्यांत. फळा नाही. चिठ्ठ्या डाव संपल्यावरच उघडायच्या. खेळाडूंच्या मागे उभं राहायचं नाही. याने बाद झालेल्यांचा कंटाळा पुरता जाणार नाही, कारण भाव हलताना बघण्यातच अर्धी मजा होती.

आत्ताच ताईंचा मेसेज आला: “पुढच्या वेळी माझ्यावर किती लागल्या ते मला सांगायचं नाही. संपल्यावरही नाही.”

‘बरं’ असं उत्तर दिलंय. आता त्या फळ्यावरचे आकडे पुसतो.