बोडियम: बुरूज उभे राहिले, आता प्रश्न पुलाचा

इंग्लंडमधल्या बोडियम किल्ल्याचं मॉडेल करतोय, त्याचे चारही गोल बुरूज चिकटवून झाले. प्रमाण १:२०० धरलंय, म्हणजे साठेक फुटांचा बुरूज नऊ सेंटिमीटरचा होतो. पीव्हीसी पाइपचे तुकडे, त्यावर सनबोर्डच्या चर्या (तटावरचे दातेरी कंगोरे). मधले चौकोनी बुरूज सोपे आहेत, ते उरकतील.

घोडं अडलंय ते दुसरीकडेच. किल्ला करायचा कुठल्या मालकाच्या काळातला?

सर एडवर्ड डॅलिन्ग्रिजने १३८५ मध्ये राजा दुसऱ्या रिचर्डकडून तटबंदीचा परवाना काढला आणि ससेक्समध्ये हा किल्ला बांधला. त्याचा काळ घ्यायचा तर दिवाणखाना, चॅपेल, स्वयंपाकघर सगळं छपरांसकट करावं लागेल, तेही बरंचसं अंदाजाने. पुढे ल्यूकनर घराणं, मग फिरत फिरत थॅनेटचा अर्ल, म्हणजे तिथला सरदार. इंग्लंडच्या यादवी युद्धात हा अर्ल राजाच्या बाजूचा. पार्लमेंटने दंड ठोकला आणि १६४४ मध्ये त्याला किल्ला विकावा लागला. त्यानंतर आतली बांधकामं मोडली गेली, तट मात्र राहिला. म्हणून आजही बाहेरून धडधाकट, आत गवत.

१८२९ मध्ये उरलासुरलाही पाडला जाणार होता, तो ‘मॅड जॅक’ फुलरने विकत घेऊन वाचवला. १८६१ मध्ये जॉर्ज क्युबिटने तो विकत घेतला. आणि त्याच्यानंतर चक्क लॉर्ड कर्झन! बंगालच्या फाळणीवाला, हो तोच. त्याचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, पण हिंदुस्थानातला १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला, आणि इथेही त्याने खंदक उपसला, पडझड सावरली. १९२५ मध्ये तो गेला आणि मृत्युपत्रानुसार किल्ला नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला.

खंदक उपसताना जुन्या लाकडी पुलाच्या पायाचे अवशेष मिळाले. आजचा पूल उत्तरेकडून सरळ दरवाजावर येतो. जुना मात्र पश्चिम काठावरून निघून खंदकातल्या अष्टकोनी बेटावर काटकोनात वळायचा. म्हणजे येणाऱ्याची उजवी, ढाल नसलेली बाजू सगळी वाट तटाच्या माऱ्यात. आपल्या गोमुखी दरवाजांमागचा कावाच हा.

तेव्हा ठरलं: किल्ला ट्रस्टकडे आला तसा, आतून मोकळा, पण पूल डॅलिन्ग्रिजचा. काटेकोर मंडळी नाकं मुरडतील, मुरडू देत. खंदकाच्या पाण्यासाठी रेझिन ओतण्याआधी पुलाचे खांब रोवून घ्यायचेत. पाण्याला हिरवट-मातकट छटा कोणी आणली असेल तर रंग आणि प्रमाण सांगा. निळंशार पाणी मला नकोय.