पांढऱ्यावर पांढरं

पोलंडमधल्या क्राकूव भागात बायकांच्या पारंपरिक पोशाखात रंगीत घागऱ्यावर पांढरा एप्रन बांधतात आणि त्यावर भरतकामही पांढऱ्याच दोऱ्याचं! धावदोऱ्याने गोल आखायचा, आतलं कापड कापायचं, मग कडेने दाट टाके घालत भोक पक्कं करायचं. अशा भोकांचीच फुलं होतात. गिरगावात इतकी वर्षं ब्लाउजवर कटवर्क करतेय म्हणून सांगते, पांढऱ्यावर हात जरासाही हलला तर लपत नाही.

असं भरतकाम करून बघायला मी लिनन घेतलंय. लिनन म्हणजे आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्या खोडातला धागा. मुंबईच्या घामात मला तरी याहून सुखाचं कापड माहीत नाही. पोलंडमधल्याच वोविच भागाकडचे एप्रन लोकरीचे, रंगीबेरंगी पट्ट्यांचे; सुरेखच, पण माझा जीव पांढऱ्यातच अडकलाय. लिननच्या तुकड्यावर एक कोपरा भरायला घेतलाय. पाकळ्या झाल्या की फोटो टाकते.