तिघींची खोली, सहा बादल्या

परवाच्या लग्नात पुन्हा विचारलंत. एकीनं हळदीच्या मांडवात, दुसरीनं पंगतीत, आणि मला बसस्टँडवर सोडायला आल्यावर तिनंच एसटी सुरू झाल्यावर खिडकीखाली उभं राहून विचारलं, "खरं सांग, आपल्या खोलीत चौथी राहते हे रेक्टर मॅडमला तूच सांगितलं होतंस ना?" दर वेळी मी "जाऊ द्या आता, किती वर्षं झाली" म्हणून विषय बदलते. या वेळी घरी आल्यावर झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

हो. मीच सांगितलं. पण नुसत्या "हो"वर तुमचं समाधान होतं, माझं होत नाही. तेव्हा पुढचंही ऐका.

हॉस्टेलच्या खोलीचं तुम्हाला काय सांगायचं. तीन खाटा, तीन टेबलं आणि मधल्या फरशीवर तिची वाकळ. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची, कळंब तालुक्यातली. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, बाहेर खोली करायची ऐपत नाही, म्हणून दिवाळीनंतर आमच्या खोलीत बिनपावतीची, म्हणजे फी न भरता, राहायला आली. अशा मुली दर मजल्यावर होत्या. त्यांना 'पॅरासाइट' म्हणायची पद्धत होती. मीही म्हणायचे, तिच्या तोंडावर नाही, पण म्हणायचे. वॉचमनकाकांना ठाऊक होतं, मेसच्या मावशींना ठाऊक होतं. रेक्टर मॅडमनाही ठाऊक असणार, मग तुझ्या सांगण्यानं काय फरक पडला, असं तुमच्यातली एक मला धीर द्यायला म्हणते. फरक पडतो. ठाऊक असलेल्या गोष्टीकडे काणाडोळा करता येतो. कुणी समोर येऊन तोंडानं सांगितलं की मग काहीतरी करावंच लागतं. मला हे तेव्हाही कळत होतं.

साल २०१६, मार्च महिना. लातूरचा मार्च २०१६ म्हटलं की मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. मांजरा धरण आटलेलं, नळ कधीचे कोरडे, आणि भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलेलं. मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला अजून अवकाश होता. ती १२ एप्रिलला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तोवर आमची सगळी भिस्त टँकरवर. तो रात्री एक-दोनला यायचा आणि एखाद्या रात्री यायचाच नाही. पावती असलेल्या मुलीला दोन बादल्या. तिघींच्या खोलीला सहा. आणि खोलीत आम्ही चौघी.

मेसमध्ये भात बंद झाला होता. स्टीलची ताटं गेली, पत्रावळ्या आल्या. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, तो मावशींनी इतका कमी केला की भाकऱ्यांना भेगा पडायला लागल्या. कुणी कुरकुर केली तर मावशी म्हणायच्या, "पोरी, भेगा मोजू नको, भाकरी मोज." आमच्या एमएस्सीच्या प्रयोगशाळेत कंडेन्सरला चालू नळ लागतो, म्हणून ऊर्ध्वपातनाचे प्रयोग कागदावरच झाले. उन्हाळी परीक्षा तोंडावर आणि वाचायला दिवसभरात शांत असा तासही नाही. रात्री टँकर आला की वॉचमनकाकांची शिट्टी, मग तीन मजल्यांच्या जिन्यावरून रिकाम्या बादल्यांचा खणखणाट, भरलेल्या वर येताना "सांडलं, अगं सांडलं!" ची आरडाओरड, दारं आपटणं, कुणाचं तरी रडणं. सगळं निवळून डोळा लागतो न लागतो तोच चार वाजता ती उठायची आणि पाठांतर सुरू करायची.

ती मोठ्यानं वाचायची. मनातल्या मनात वाचलं तर तिच्या लक्षात राहत नसे. अर्थशास्त्राचा पेपर तिला अवघड जायचा, म्हणून मागणीचा नियम तर रोजच. "इतर परिस्थिती स्थिर असताना, किंमत वाढली की मागणी घटते." 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे शब्द ती दहादा म्हणायची, दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडखळून. मी केमिस्ट्रीची, तरी मला ते वाक्य अजून पाठ आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं जे उत्तर मी स्वतःला इतकी वर्षं देत आले ते हे: आवाज. मला झोप नव्हती, माझं शेवटचं सेमिस्टर होतं, मी तिला तीनदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणायची, "हळूच वाचायले की ताई." आणि पाच मिनिटांत पुन्हा आवाज चढायचा. यातलं काहीही खोटं नाही. तुम्ही दोघी कानात बोळे घालून झोपायचात, मला ते जमत नव्हतं.

पण आवाज नोव्हेंबरातही होता, डिसेंबरातही होता. तेव्हा मी जिना उतरून ऑफिसात गेले नव्हते.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. आदल्या रात्री टँकर दोनला आला. मला पाळीचा दुसरा दिवस होता, पोटात कळा येत होत्या, तरी दोन बादल्या मी स्वतः वर आणल्या. एक रात्रीतच संपली, कशाला ते तुम्हाला सांगायला नको. दुसरी, निळी, मी सकाळसाठी राखून खाटेखाली सरकवली आणि वर फळी ठेवली. चारला तिचं वाचन सुरू झालं. मी ओरडले. ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली. सहाला उठून मी बादली ओढली तर हलकी लागली. फळी जागच्या जागी होती, आणि पाणी अर्ध्याच्याही खाली.

मी तिला विचारलं. विचारलं कसलं, जिन्यातून हाताला धरून आत आणलं. ती म्हणाली, "तोंड धुतलं ताई, आन् तांब्याभर प्यायले. तेवढंच." मी म्हणाले, तांब्याभरानं अर्धी बादली जाते का? ती बादलीकडे बघत राहिली. पुन्हा म्हणाली, "तेवढंच." मी अंगावरचे कपडे तसेच ठेवून, अर्ध्या बादलीत जे उरकता येईल ते उरकलं. मला स्वतःचीच घाण वाटत होती आणि तो सगळा राग तिच्यावर निघत होता. दहाला ऑफिस उघडलं तेव्हा मी दारात उभी होते.

मॅडमना मी काय सांगितलं, ते तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मी म्हणाले, "मॅडम, आमच्या खोलीत रात्री फार आवाज होतो, अभ्यास होत नाही." पाण्याचं काढलंच नाही. पाण्यावरून तक्रार करायची मला लाज वाटली. आवाजाची तक्रार सभ्य वाटत होती. त्यांनी रजिस्टर उघडलं, खोलीचा नंबर बघितला आणि विचारलं, "खोलीत किती जणी आहात?" मी म्हणाले, "चार."

बस. एवढंच. तिचं नाव मी घेतलं नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला बजावत होते. जणू नाव घेतलं नाही म्हणजे सांगितलं नाही.

संध्याकाळी सहापर्यंत खोली सोडायला सांगितलं तिला. तुम्ही दोघी क्लासला होतात, मी होते. तिनं वाकळ घडी घातली, पुस्तकं पिशवीत भरली, झाडू घेऊन मधली फरशी झाडली. कोण बोललं हे तिनं विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. दारात थांबून म्हणाली, "उद्याचा डबा येईल ताई. घरी निरोप द्यायला जमलं नाही. वाया नका घालू."

आता डब्याचं. तुम्ही हे सोयीनं विसरता. मेसमध्ये तिचं कार्ड नव्हतं. तिचं जेवण रोज एसटीनं यायचं, अशा कितीतरी मुलांचं येतं तसंच. जर्मनचा डबा, पिवळ्या फडक्यात बांधलेला, गाठीत नावाची चिठ्ठी. तिची आई पहाटे उठून भाकरी करायची, गावातून सकाळची गाडी. आणि फेब्रुवारीपासून डब्याबरोबर दोन लिटरची एक बाटली यायची. पाण्याची. शेजारच्या मळ्यातल्या बोअरला अजून जरा पाणी होतं म्हणे. ती बाटली ती आल्या आल्या टेबलावर ठेवायची आणि आपण चौघी प्यायचो. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी आपल्यात भांडणं व्हायची. मॅडमनी "किती जणी" विचारलं तेव्हा मला हे सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. कंडक्टरनं गाठीतली चिठ्ठी वाचून डबा दिला, बाटली दिली. खोलीवर आणून मी फडकं सोडलं. चार भाकऱ्या, पिठलं, कांदा, चटणीची पुडी. तुम्ही दोघी जेवून आला होतात. मी एकटीनं सगळं खाल्लं. वाया घालू नका म्हणाली होती. मग डबा तर परत पाठवायला हवा, तो खरकटा कसा पाठवायचा? माझ्या बादलीत पाणी होतं, त्या रात्री माझ्या पूर्ण दोन बादल्या होत्या. पण मी तो डबा तिच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतला. का, ते मला आजही सांगता येत नाही. हात आपोआप बाटलीकडे गेला. फडकं बांधलं आणि संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा देऊन आले. त्यानंतर डबा आला नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही माझ्यासमोर बोलत नाही, पण माझ्यामागे बोलता ते माझ्या कानावर आलं आहे. ती आपल्यातली नव्हती म्हणून मी सांगितलं. यावर मी फार चिडायचे. मी तिच्या डब्यातलं खाल्लं आहे, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लं आहे, मग हा आरोप माझ्यावर कसा? पण मी आता शाळेत शिकवते. २० मार्चला परिपाठात महाडच्या चवदार तळ्याबद्दल मुलांशी बोलावं लागतं. १९२७ साली माणसांना तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे सांगताना दर वर्षी माझी जीभ जड होते. डब्याचा दाखला मी देते, बादलीचा देता येत नाही. ती खोलीत यायच्या आधी मी बादलीवर फळी ठेवायचे का? धूळ पडू नये म्हणून ठेवायचे, असं मला वाटतं. आठवत मात्र नाही. तुम्हाला आठवत असेल तर सांगा, आणि खरं सांगा, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून नको.

आणि माझीही तक्रार आहे. त्या रात्रीपासून सहा बादल्या तिघींत वाटल्या गेल्या. दोन, दोन, दोन. तुमच्यातल्या कुणीही आपली बादली नको म्हटलं नाही. तिला परत आणू या, असंही कुणी म्हटलं नाही. मग इतक्या वर्षांनी पंगतीत बसून मलाच का विचारता? आणि परवा गजरा माळताना तुमच्यातली एक सहज बोलून गेली, "तेव्हा मी पण तुझ्या बादलीतून घ्यायचे की गं अधूनमधून." मी तिला विचारलं, त्या दिवशी घेतलं होतंस? ती म्हणाली, "आता काय आठवतं." तिला खरंच आठवत नसेल. पण मी त्या क्षणापासून त्या फळीचाच विचार करते आहे. फळी जागच्या जागी होती. म्हणजे ज्यानं कुणी पाणी घेतलं त्यानं ती नीट परत ठेवली होती.

तेविसाव्या वर्षाची मी माझ्याशी अजून भांडते. ती म्हणते, पावती माझ्या वडिलांनी फाडली होती, उदगीरच्या पतसंस्थेतून कर्ज काढून. माझं पाणी माझं होतं. मी कुणाचं हिसकावलं नाही, नियमात होतं तेवढंच मागितलं. चौघींना सहा बादल्या पुरत नाहीत हा माझा गुन्हा आहे का? मी तिला म्हणते, नाही. मग ती विचारते, मग तू रडतेस कशाला? पुढच्याच वर्षी सरकारनं स्वाधार योजना आणली. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे, लातूरसारख्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये. ते वर्षभर आधी आलं असतं तर ती आमच्या फरशीवर आलीच नसती. आणि २०१६ च्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा भरलं. हे दोन्ही मी मनाशी घोळवते तेव्हा तेविसाव्या वर्षाची ती खूश होते, बघ म्हणते, दोष कुणाचा होता. मला तसं पटत नाही. पूर्ण खोडूनही काढता येत नाही.

तिनं परीक्षा दिली का? तुम्ही मला विचारता, मी तुम्हाला विचारते. तिचा सीट नंबर माझ्याकडे नव्हता हे खरं, पण गावाचं नाव माहीत होतं. पिवळ्या फडक्याच्या गाठीतली ती चिठ्ठी मी डब्याबरोबर परत पाठवली नव्हती. तिच्यावर तिचं नाव, गाव आणि कंडक्टरसाठी एक ओळ आहे, तिच्या आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेली: पाणी सांडू देऊ नका.