अक्काच्या सासरचा लखोटा

आमची अक्का लग्न करून नेब्रास्काला गेली त्याला अकरा वर्षं झाली. बावा गोरा आहे. (आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतो, कुणी दाढीवाला बुवा डोळ्यासमोर आणू नका.) लग्न ठरलं तेव्हा साखर पेठेत आमच्या बोळात एवढंच पसरलं होतं की पोरगा अमेरिकन आहे, बास. मग बावा पहिल्यांदा सोलापूरला आला, कडक भाकरी कडाकडा मोडून खाल्ली, शेंगा चटणीवर दही मागून घेतलं आणि बोलता बोलता म्हणला की आमचे लोक मूळचे जर्मन, पण जर्मनीतनं नाही आले, रशियातनं आले. अम्मा माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "म्हणजे नेमके कुठले म्हणायचे रे?"

मला तरी कुठं माहीत होतं. नंतर कळलं की हा प्रश्न त्यांनापण दीडशे वर्षं सगळे विचारतायत.

गोष्ट अशी आहे बघा. रशियाची राणी दुसरी कॅथरीन, ही स्वतःच जन्मानं जर्मन, तिनं १७६३ साली जाहीरनामा काढला की या, व्होल्गा नदीकाठची जमीन कसा, तीस वर्षं कर नाही, धर्म तुमचा तुम्ही पाळा, सैन्यात पोरं द्यायला लागणार नाहीत. तिकडं जर्मनीत सात वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच संपलेलं, माणसं कावलेली, हेसेन भागातली तर जास्तच, ती गठुडी बांधून निघाली आणि तीनचार वर्षांत व्होल्गाच्या दोन्ही काठांना मिळून शंभरावर जर्मन गावं उठली. पुढची शंभर वर्षं निघाली कशीबशी. मग १८७४ साली रशियानं सांगितलं की आता तुमची पोरंपण सैन्यात घेणार. दिलेला शब्द फिरवला म्हणून परत गठुडी. कुणी नेब्रास्का-कॅन्ससला, कुणी ब्राझील-अर्जेंटिनाला, आणि बरेचजण तिथंच राहिले. राहिले त्यांचे हाल विचारू नका, १९२१ चा दुष्काळ, आणि १९४१ च्या ऑगस्टमधे, हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर, स्टालिनच्या सरकारनं हुकूम काढला आणि सगळ्याच्या सगळ्या व्होल्गा जर्मनांना रेल्वेच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला पाठवलं. सोव्हिएत मोडल्यावर नव्वदच्या दशकात त्यातली लाखो माणसं जर्मनीत परत गेली. परत म्हणजे सव्वादोनशे वर्षांनी परत! रशियात यांना जर्मन म्हणायचे, नेब्रास्कात गेले तर रशियन म्हणायचे, आणि जर्मनीत गेले तर तिथंपण रशियनच.

आमचे आजोबा करीमनगरकडनं मागावर काम करायला सोलापूरला आले. आम्ही हैदराबादला गेलो की तिथला रिक्षावाला आमची तेलुगू ऐकून विचारतो महाराष्ट्रातले काय, आणि पुण्यात मराठी ऐकून विचारतात तुम्ही आंध्रातले का. त्यामुळं बावाचं म्हणणं अम्माला माझ्या आधी कळलं. बावाचे पणजोबा-पणजी नेब्रास्कात बीटाच्या शेतात राबले, साखरेचं बीट, अख्खं घर उक्त्या कामावर, पोरांच्या शाळा बुडवून. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ऊसतोडीसारखंच की." विषय संपला, पाहुणे आपले झाले.

आता खरं सांगायचं ते टांटेबद्दल. टांटे म्हणजे बावाच्या वडिलांची आत्या, वय ८६, नेब्रास्कातल्या लिंकन गावात एकटी राहते. जर्मनमधे आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना टांटेच म्हणतात, एवढी शिस्तीची भाषा आणि नात्यांना शब्द एक, मला जरा गरिबीच वाटली. या टांटेनं १९७० च्या आसपास एक लखोटा सुरू केला. म्हणजे असं, एक जाड लखोटा, आत प्रत्येक घराचं एक पत्र आणि वर पत्त्यांची यादी. लखोटा तुमच्या घरी आला की सगळ्यांची पत्रं वाचायची, मागच्या फेरीतलं आपलं जुनं पत्र काढून घ्यायचं, नवीन लिहून टाकायचं, आणि यादीतल्या पुढच्या घराला पाठवायचं. जर्मनमधे याला रुंडब्रीफ म्हणतात, फिरतं पत्र. नऊ घरं, एका फेरीला वर्ष लागतं, कधी जास्त. काढून घेतलेली जुनी पत्रं टांटेनं प्रत्येकाला जपून ठेवायला लावली, त्यामुळं प्रत्येक घरात स्वतःची पन्नास वर्षांची डायरी आपोआप तयार झालीय, न ठरवता.

एकदा हा लखोटा सात महिने गायब झाला. शोधाशोध केल्यावर एका घरात फ्रीजवर बिलांच्या खाली सापडला. हरवला-बिरवला नव्हता काय, त्या माणसाचं सख्ख्या भावाशी जमिनीवरनं वाकडं होतं आणि यादीत पुढचा नंबर भावाचाच होता. पाठवायचं म्हणजे त्यालाच पाठवायचं! टांटे कुणाला एक शब्द बोलली नाही. तिनं यादी नव्यानं टाईप केली आणि दोन भावांच्या मधे कॅन्ससमधली एक पुतणी घातली. लखोटा परत फिरायला लागला. आमच्याकडं असलं काही झालं असतं तर आधी चार मोठी माणसं बसवली असती, चहा झाला असता, जुनं उकरून निघालं असतं आणि शेवटी पाचवाच कुणीतरी रुसून गेला असता.

या लोकांना पत्रांचं वेड जुनंच. १९२१ च्या दुष्काळात व्होल्गाकाठनं जी पत्रं यायची ती लिंकनमधनं निघणाऱ्या डी वेल्ट-पोस्ट नावाच्या जर्मन पेपरात छापायचे, कोण गेलं, कोण उपाशी आहे, कुणाला पैसे पोचले. गावच्या गाव तो पेपर घेऊन बसायचं. पुढं तीसच्या दशकात तिकडनं पत्रं येणंच बंद झालं आणि टांटेच्या आईची एक बहीण जी गेली ती गेलीच, पत्ता नाही.

ती सापडली २०१९ ला, म्हणजे तिची नात सापडली, डीएनए टेस्टमधनं. कझाकस्तानात जन्मलेली, आता जर्मनीत नर्स. पण डीएनए नुसतं सांगतं की हे तुमचे, कसे ते सांगत नाही. त्यात व्होल्गाच्या गावांत दीडशे वर्षं आपापसातच लग्नं, त्यामुळं लांबचा माणूसपण जवळचा दिसतो. बावा हे मला फार गंभीरपणे समजावून सांगायला लागला तेव्हा मी म्हणलं बावा, आमच्यात मेनरिकम असतं, मामाची पोरगी करतात, माझी आज्जी एका बाजूनं आज्जी आहे आणि दुसऱ्या बाजूनं आत्या लागते, वंशावळीचं सॉफ्टवेअर आमच्यापुढं हात टेकतं.

मी यात घुसलो २०२० ला. लॉकडाऊनमधे टपाल रखडलं, लखोटा अडकला, टांटे कासावीस. अक्काचा फोन, "तम्मी (म्हणजे धाकटा भाऊ), तू दिवसभर एक्सेलमधेच असतोस की, कर काहीतरी." मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. मी एक शीट केली, व्हॉट्सॲप ग्रुप केला, आणि बघता बघता या अख्ख्या जर्मन-रशियन-अमेरिकन-अर्जेंटिनी गोताचा ॲडमिन कोण, तर साखर पेठेतला मी. बरं झालं एका अर्थी, माझा कुणाशी जमिनीचा वाद नाही. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीतल्या दोघांची ग्रुपवर अशी जुंपली की बाकीचे पटापट बाहेर पडायला लागले. मी कुणाला काढलं नाही. टांटेची युक्ती केली, एकाला एका अल्बमचे फोटो स्कॅन करायला दिले, दुसऱ्याला दुसऱ्या अल्बमचे, आणि फोटोत कोण कोण आहे हे ओळखायचं काम तिसरीला. दोन महिने दोघं गप कामाला लागलेले.

जुन्या बायबलच्या पहिल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, ते कुर्रेंट नावाच्या जुन्या वळणदार लिपीत. जर्मनीतल्या पोरांनापण ती वाचता येत नाही, कारण १९४१ ला नाझी सरकारनंच ती शाळांतनं बंद केली. आपल्याकडं मोडीचं झालं तसंच, पणजोबांचा कागद हातात असतो आणि आपण त्याच्याकडं अंगठेबहाद्दरासारखं बघत बसतो.

महिन्यातनं एकदा व्हिडिओ कॉल करायचं ठरलं. वेळेचं गणित मीच बसवलं, उन्हाळ्यात आपल्याकडं शनिवारी रात्री साडेआठ म्हणजे लिंकनला सकाळी दहा, अर्जेंटिनात दुपारी बारा, जर्मनीत संध्याकाळी पाच. रविवार नको, चर्च असतं. पहिले काही कॉल म्हणजे नुसता गोंधळ, इंग्लिश, स्पॅनिश, रशियन, जर्मन, कुणाचं कुणाला कळेना, सगळे हात हलवणार आणि छान छान म्हणणार. टांटेची जर्मन म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची गावठी, ती ऐकून जर्मनीतली नवीन पोरं हसायची. त्यामुळं ती बोलायचीच नाही. मला त्या पोरांचा राग यायचा, कारण हैदराबादच्या लग्नात आमच्या अम्माच्या तेलुगूला लोक असेच हसतात आणि मग ती सगळं लग्नभर गप बसते.

मागच्या मे महिन्यात कॉल होता. सोलापुरात त्रेचाळीस डिग्री, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि लॅपटॉप. अम्मानं कलिंगड कापून ताटली लॅपटॉपशेजारी ठेवली, मी एक फोड उचलली आणि स्क्रीनवर टांटे एकदम पुढं झुकली, नाक कॅमेऱ्याला लागेल एवढी, आणि म्हणली, "अर्बूस!" मला वाटलं काहीतरी बिघडलं. तेवढ्यात अर्जेंटिनातला म्हातारा, जो तोपर्यंत कधी स्पॅनिश सोडून बोलला नव्हता, तो ओरडला, "या, या, अर्बूस!" (जर्मनमधे या म्हणजे हो) आणि जर्मनीतली नर्स हसत म्हणाली की आम्ही रशियनमधेपण अर्बूजच म्हणतो. कलिंगडाचा तो शब्द व्होल्गाकाठी यांच्या जर्मनमधे शिरला, मग बोटीतनं नेब्रास्काला गेला, अर्जेंटिनाला गेला, आणि राहिलेल्यांबरोबर कझाकस्तानला. शब्द मूळचा फारसी, म्हणजे आपलं खरबूज! मी ते सांगितलं तर बावा भाषांतर करता करता थांबला, त्यालाच पटेना. अम्मा मागनं म्हणाली, "पण हे कलिंगड आहे, खरबूज वेगळं." तिचं बरोबर आहे, पण ते तीन भाषांत कोण सांगणार.

त्यानंतर टांटे आणि तो म्हातारा चाळीस मिनिटं बोलत होते, दोघंच. कलिंगडाच्या रसाचा काकवीसारखा पाक कसा आटवायचा, कुणाची आई किती वेळ ढवळायची. जर्मनीतली पोरं गप ऐकत होती, हसलं कुणी नाही.

आता माझी स्वतःची गोची सांगतो. व्होल्गाच्या गावांच्या १७९८ सालच्या खानेसुमारीत बायकांची माहेरची आडनावं लिहिलेली आहेत, त्यामुळं बावाच्या घरातल्या सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या सुनेचं माहेर माझ्या शीटमधे आहे. आणि माझ्या सख्ख्या आज्जीचं? माहेरचं इंटिपेरू, म्हणजे आडनाव, काय होतं ते मला माहीत नाही, लग्नात तिचं नावपण बदललेलं. आमचे अर्धे लोक भिवंडीला, अर्धे सुरतेला, यंत्रमागाच्या मागं गेलेले. घराच्या वाटणीवरनं आमचा ग्रुप दोन वर्षांपूर्वी फुटला, मी स्वतः तडकाफडकी लेफ्ट झालो होतो. पूर्वी नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघायचा तेव्हा सगळे यायचे, एका खोलीत बारा माणसं झोपायची. आता येतात ते लॉजवर उतरतात आणि रथ बघून परस्पर जातात. आणि डॉक्टर कोटणीसांच्या गावातले आम्ही! तो माणूस १९३८ ला चीनला गेला, तिथंच लग्न केलं, तिथंच १९४२ ला वारला, आणि त्यांची चिनी बायको नंतरसुद्धा इथं येऊन सासरच्यांना भेटून गेली. आम्हाला भिवंडी जमेना.

यंदा फेब्रुवारीत लखोटा आमच्या घरी आला. टांटेनं यादीत दहावं घर घातलंय, सोलापूर. जाड, कडा झिजलेला, आत नऊ पत्रं. मी अम्माला म्हणलं सांग, मी लिहितो. तिनं तेलुगूत सांगितलं, मी इंग्लिशमधे उतरवलं. गुडघे दुखतात. पाणी पाच दिवसांनी येतं. रथाला या, झोपायला जागा आहे. मग थांबून म्हणाली, माझं लग्नाआधीचं नावपण लिही, आणि तुझ्या आज्जीचं माहेर सुरतेच्या अत्ताला (म्हणजे आत्याला) माहीत असेल, तिला विचार. अत्ताशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. फोन लावला. ती आधी दहा मिनिटं मला बोलली, तो तिचा हक्कच आहे, मग इंटिपेरू सांगितलं, स्पेलिंगसकट.

अम्मानं लखोट्यात मोराच्या डिझाईनच्या चादरीचा वीतभर तुकडा घातला, नको म्हणलं तरी. पोस्टात काट्यावर ठेवल्यावर वजन वाढलं, पैसे वाढले. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला, अर्जेंटिना.

"आत काय आहे ओ?"

"पत्रं. आणि चादरीचा तुकडा."

"एवढ्या लांब? कोण राहतंय तिथं?"

मी व्होल्गापासनं सुरुवात करणार होतो, पण मागं रांग होती.

"पाहुणे आहेत की," म्हणलं.