पडद्यावरचे स्वमग्न आणि घरातले

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, असे कळल्यावर लोक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "मग त्याच्यात काहीतरी खास असेल ना?" कोणत्याही तारखेचा वार सांगणे, मोठमोठे गुणाकार तोंडी करणे, एकदा ऐकलेले गाणे पेटीवर जसेच्या तसे वाजवणे असे काहीतरी विचारणाऱ्याच्या मनात असते. भावाला यातले काहीच येत नाही. तो चाळिशी ओलांडलेला पुरुष आहे, मोजके शब्द बोलतो, प्रौढांच्या एका उद्योगकेंद्रात कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या आधी उटण्याची पाकिटे तयार करतो, आणि घरात मिक्सर लावायचा असेल तर त्याला आधी सांगावे लागते. एवढे ऐकून समोरच्याचा थोडा विरस होतो. त्या विरसाचे मूळ मला तरी १९८८ सालच्या 'रेन मॅन' या अमेरिकी चित्रपटात दिसते, मग विचारणाऱ्याने तो पाहिलेला असो वा नसो.

डस्टिन हॉफमन यांनी साकारलेला रेमंड जमिनीवर सांडलेल्या दातकोरण्या एका नजरेत मोजतो, टेलिफोनच्या डिरेक्टरीतली पाने पाठ म्हणतो आणि लास वेगासच्या जुगारघरात पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे मिळवून देतो. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, आणि स्वमग्नता ही काही चीज आहे हे जगभरच्या सामान्य माणसाला त्यातूनच प्रथम कळले, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु रेमंडचे पात्र ज्यांच्यावरून सुचले ते सॉल्ट लेक सिटीचे किम पीक स्वमग्न नव्हते. मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा तंतूंचा पट्टा त्यांच्यात जन्मतःच नव्हता, आणि हजारो पुस्तके त्यांना मुखोद्गत होती. पटकथाकार बॅरी मॉरो त्यांना १९८४ मध्ये भेटले, आणि पुढे पटकथा घडताना पात्र स्वमग्न झाले. म्हणजे ज्या स्मरणशक्तीची अपेक्षा लोक आजही माझ्या भावाकडून करतात, ती मुळात एका स्वमग्न नसलेल्या माणसाची होती. बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये पालकांकडून मिळालेल्या माहितीवरून जो अंदाज बांधला, त्यात अशी एखादी असामान्य क्षमता स्वमग्न मुलांपैकी सुमारे दहा टक्क्यांत आढळली होती. उरलेल्या नव्वद टक्क्यांवर कोणी पटकथा लिहीत नाही.

माझा आक्षेप मात्र या गणिताबद्दल नाही, कहाणी कोणाची आहे याबद्दल आहे. 'रेन मॅन' ही रेमंडची कहाणी नव्हेच. ती टॉम क्रूझ यांनी उभ्या केलेल्या चार्ली या स्वार्थी धाकट्या भावाची कहाणी आहे. सुरुवातीला त्याला वडिलांच्या संपत्तीतला वाटा हवा असतो आणि शेवटी भाऊ हवासा वाटू लागतो. बदलतो तो चार्ली. रेमंड जिथून निघाला त्याच संस्थेत परत जातो, आणि प्रेक्षक चार्लीच्या डोळ्यांतले पाणी पाहून घरी जातात.

हाच साचा आपल्याकडेही आला. फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या 'माय नेम इज खान'मधल्या रिझवानला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार, आहे. त्याला पिवळ्या रंगाची भीती वाटते, मोठे आवाज सहन होत नाहीत, आणि हे तपशील शाहरुख खान यांनी मन लावून उभे केले आहेत. तरीही त्याचे स्वमग्न असणे कथेला वेगळ्याच कारणासाठी हवे आहे: ज्याला कपट कळतच नाही असा एक निर्मळ मनुष्य, जो अमेरिकेला आणि आपल्याला माणुसकी शिकवील. 'बर्फी'मधल्या झिलमिलची भूमिका प्रियांका चोप्रा यांनी केली. स्वमग्न स्त्री पडद्यावर दिसणेच दुर्मीळ असल्यामुळे त्या भूमिकेचे महत्त्व मी मानते, पण तिथेही झिलमिल प्रेम करण्याजोगी आहे ती मुख्यतः लहान मुलासारखी आहे म्हणून. गेल्या काही वर्षांत सुधारणा झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्ये बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या खेळाडूंच्या भूमिका तशाच दहा कलावंतांनी केल्या, आणि त्यांचे विनोद त्यांच्या स्वतःच्या तोंडी होते. (माझ्या आईला त्यांतल्या बास्केटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता, पण ती मुले एकमेकांना चिडवू लागली की ती मोकळेपणाने हसत होती.) मात्र त्याही चित्रपटात सुधारण्याचा मान प्रशिक्षकालाच मिळतो.

'स्वमग्न माणसाला दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत' हा समज तर सिनेमा, मालिका, लेख सगळीकडून येतो आणि शास्त्राचा अंगरखा घालून येतो. त्याच्या मागे १९८५ चा एक गाजलेला प्रयोग आहे. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ही दुसरी बाहुली ती काढून डब्यात टाकते. परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधील, असे मुलांना विचारले गेले. वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा जणांनी डबा दाखवला. एवढ्यावरून निघालेला निष्कर्ष, म्हणजे दुसऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज करणे या मुलांना अवघड जाते, हा मर्यादित आणि चर्चेचा विषय होता. वृत्तपत्रांपर्यंत पोचेतो त्याचे 'यांना सहानुभूती नसते' असे झाले. पुढे डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये साधा उलट प्रश्न विचारला: स्वमग्न नसलेल्यांना तरी स्वमग्न माणसाचे मन कुठे वाचता येते? त्यानंतर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखी एक मांडणी केली. स्वमग्न माणसांची साखळी आणि स्वमग्न नसलेल्यांची साखळी यांच्यात गोष्ट सारख्याच नीटपणे पुढे पोचली. गळती वाढली ती दोघांची सरमिसळ केली तेव्हा. गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे जवळ आला की माझा भाऊ कानांवर हात ठेवून डोलू लागतो, आणि बघणारे त्याला 'बिघडला' म्हणतात. अशा वेळी कोणाला कोणाचे मन कळत नाही, हे ठरवणे मला तरी अवघड वाटत नाही.

सिनेमाला धडा हवा असतो. बातमीला दोषी हवा असतो. हा दोषी शोधण्याचा इतिहास स्वमग्नतेच्या निदानाइतकाच जुना आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ही अवस्था जन्मजात असावी असे त्यांनी लिहिले होते, पण आईबापांच्या थंडपणाविषयीही शेरे मारले होते. 'टाइम' साप्ताहिकाने १९४८ मध्ये या मुलांवर लेख छापला, तो 'थिजलेली मुले' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधल्या आपल्या पुस्तकातून आणि नंतर दूरचित्रवाणीवरून आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते हा आरोप घरोघरी पोचवला, तोही रिमलँड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ मध्येच तो खोडून काढल्यानंतर. मग १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा अवघ्या बारा मुलांवरचा निबंध आला आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी गोवर-गालगुंड-रुबेला लशीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी वेकफील्ड यांची वैद्यक नोंदणी रद्द झाली, आणि डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ सालच्या अभ्यासात लशीचा काहीही संबंध आढळला नाही. तरीही लस देऊन आपणच काही केले का, असे विचारणारे आईबाप मला आजही भेटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदर स्त्रियांच्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवले. स्वीडनमध्ये सुमारे पंचवीस लाख मुलांच्या अभ्यासात भावंडांची परस्परांशी तुलना केल्यावर असा संबंध टिकला नव्हता, हे त्या बातम्यांच्या तळाशी कुठेतरी होते.

आपल्याकडे या मालिकेतला चालू भाग म्हणजे 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे मोबाइल-टीव्ही पाहून येते असे म्हटली जाणारी स्वमग्नता. मराठी पुरवण्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा शब्द निदान असल्यासारखा वापरला जातो. रोगनिदानाच्या मान्य जागतिक सूचींमध्ये तो नाही. लहान मुलाला तासन्‌तास मोबाइल देणे वाईटच, त्याने बोलणे मागे पडू शकते. पण माझा भाऊ जन्मला तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि तो मालकांचा होता. त्या काळी आईला ऐकावे लागे ते "नोकरी करतेस, म्हणून असं झालं." आज तिच्या जागी असलेल्या आईला मोबाइलवरून ऐकावे लागते. कारण बदलले, आई तीच राहिली.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या चित्रणावरून 'आंख मिचौली' या चित्रपटाविरुद्ध झालेल्या याचिकेत दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. चित्रपटावर कारवाई झाली नाही, पण निकालातला एक मुद्दा मला फार नेमका वाटला: अपंग व्यक्तीची टर उडवू नये तशीच ती अलौकिक शक्तीची आहे असेही रंगवू नये, कारण त्यातून सन्मानाने वागवले जाण्यासाठी पराक्रम करावा लागतो असे सुचवले जाते. रेमंडच्या दातकोरण्यांबद्दल मला जे म्हणायचे होते, ते न्यायालयाने दोन वाक्यांत म्हटले.

वृत्तपत्रांनाही ही तत्त्वे लावता येतील. २ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता जागृती दिनाला निळ्या रोषणाईची छायाचित्रे येतात, आणि लेखांमध्ये असतात ती नेहमी लहान मुले, जणू ती मोठी होतच नाहीत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांमध्ये स्वमग्नता आली. प्रमाणपत्र, यूडीआयडी हे अपंगांचे ओळखपत्र, राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमणे, आणि आईवडिलांनंतर राहायचे कुठे, हे प्रश्न अठरा वर्षांनंतर सुरू होतात. त्यांवर मराठीत मला फार थोडे वाचायला मिळाले आहे. आमच्याकडे एकदा मुलाखतीसाठी माणसे आली होती. त्यांनी आईला तिच्या त्यागाविषयी विचारले, मला लग्नाविषयी विचारले, आणि शेजारी बसलेल्या भावाचे फक्त फोटो काढले. तो थोडे बोलतो, चित्रांची पाटी समोर ठेवली तर बरेच सांगतो, फक्त उत्तराला वेळ लागतो. पुढच्या एप्रिलमध्ये कोणी येणार असेल तर मी आधीच कळवणार आहे: पहिले तीन प्रश्न त्याला विचारा, आणि तासाभराची सवड काढून या.